हे-ऑन-वाय आणि परिसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाचकाला हे-ऑन-वायचे नाव बहुधा भिलारमुळे ठाऊक असते. सातारा जिल्ह्यात ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले, तेव्हा वेल्समधील या छोट्या नगराचा दाखला सर्वत्र दिला गेला, आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये मुलाबाळांकडे जाणारे किंवा तेथे स्थायिक झालेले अनेक जण त्याविषयी चौकशी करू लागले. पुढील उत्तरे त्यांच्यासाठी आहेत. पुस्तकांनी हे-ऑन-वायला जगभर नाव मिळवून दिले, हे खरेच. परंतु पुस्तके येण्यापूर्वी किमान सात शतके तेथे बाजार भरत होता, आणि ही बाजाराची बाजू ध्यानात घेतल्याशिवाय पुस्तकांची गोष्टही नीट उलगडत नाही, असे आमचे मत आहे.

हे-ऑन-वाय नेमके कोठे आहे?

वेल्सच्या पूर्व सीमेवर, वाय नदीच्या दक्षिण काठावर, पॉविस परगण्यात. पूर्वी ते ब्रेकनॉकशायरमध्ये मोडत असे. लोकवस्ती दोन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याइतकी. ‘बॅनाय ब्रखैन्योग’ या राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला ते वसलेले आहे. हेच उद्यान २०२३ पर्यंत अधिकृतपणे ‘ब्रेकन बीकन्स’ या इंग्रजी नावाने ओळखले जात होते, आणि बोलण्यात अजूनही बरेच जण जुनेच नाव घेतात. रस्त्यावरील पाट्यांवर गावाचे वेल्श नाव ‘अ गेल्ली’ असेही दिसेल, त्यामुळे आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय, अशी शंका घेऊ नये.

गावाच्या पूर्वेला डलस नावाचा ओढा वाहतो आणि तोच वेल्स व इंग्लंड यांची हद्द आहे. ओढ्यापलीकडचे क्यूसप हे गाव इंग्लंडच्या हेरिफर्डशायरमध्ये येते. गंमत अशी, की वेल्समध्ये असूनही हे-ऑन-वायचा टपाल-संकेतांक इंग्लंडमधील हेरिफर्ड शहराचा आहे.

‘मार्केट टाउन’ असे त्याला का म्हणतात?

मध्ययुगीन ब्रिटनमध्ये कोणत्याही गावाला मनास येईल तेव्हा बाजार भरवता येत नसे. त्यासाठी राजाची किंवा राजाने नेमलेल्या सरदाराची अनुमती लागे, आणि ज्या गावाला ती मिळे, ते आपोआप आसपासच्या दहा-पंधरा मैलांच्या मुलखाचे केंद्र होऊन बसे. वेल्सच्या सीमेवर या व्यवस्थेला लष्करी अंगही होते. नॉर्मन सरदार आधी किल्ला बांधत, किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ वसवत, पेठेभोवती तट घालत, आणि बाजारातून मिळणाऱ्या करावर किल्ल्याचा खर्च चालवत. हे-ऑन-वायचा तट तेराव्या शतकातला. आज त्याचे जेमतेम काही अवशेष उरले आहेत. मात्र किल्ल्याला वळसा घालून उतरणाऱ्या अरुंद, वाकड्या गल्ल्यांवरून मूळची आखणी अजूनही सहज ओळखू येते.

बाजाराच्या इमारती बऱ्याच नंतरच्या आहेत. लोण्याचा बाजार म्हणजे ‘बटर मार्केट’ १८३० च्या सुमाराचा असून ग्रीक मंदिरासारखे जाड खांब आणि त्यांवर छप्पर असे त्याचे रूप आहे. शेजारचे ‘चीज मार्केट’ १८३५ चे. खाली व्यापार आणि वर सभागृह अशी त्याची रचना आहे. लोण्यासाठी वेगळी इमारत आणि चीजसाठी वेगळी, एवढ्यावरूनच त्या काळच्या उलाढालीची कल्पना यावी. आसपासच्या डोंगरांत मेंढ्या, नदीकाठच्या सपाटीवर गाई, आणि लोकरीपासून विणलेले फ्लॅनेलचे कापड हा या मुलखाचा माल होता.

बाजार आजही भरतो का?

भरतो, दर गुरुवारी. किल्ल्याखालच्या चौकात आणि बटर मार्केटच्या खांबांमध्ये भाजी, पाव, चीज, रोपे, जुन्यापान्या वस्तू असे फिरते गाळे लागतात. शक्य असल्यास गुरुवारीच जावे, असा आमचा आग्रह आहे. शनिवारी गावात पर्यटकांची गर्दी असते. गुरुवारी मात्र चिखलाचे बूट घातलेले शेतकरी आणि पाठीवर पिशवी अडकवलेले ग्रंथप्रेमी एकाच पावाच्या गाळ्यापुढे रांगेत उभे असतात. गावाचा खरा तोंडवळा तेव्हाच दिसतो.

किल्ला पाहता येतो का?

होय. अनेक दशके तो पडक्या अवस्थेत होता. २०११ मध्ये ‘हे कॅसल ट्रस्ट’ या न्यासाने तो विकत घेतला आणि प्रदीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये लोकांसाठी खुला केला. आता तेथे प्रदर्शने व कार्यक्रम होतात, आणि वर चढून सभोवारचा प्रदेश न्याहाळता येतो.

किल्ला म्हणताना दोन वेगवेगळ्या वास्तू नजरेसमोर ठेवाव्या लागतात. एक म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच उभा राहिलेला चौकोनी दगडी बुरूज. दुसरी म्हणजे सतराव्या शतकात त्याला चिकटून बांधलेला, उंच धुराड्यांचा आणि तिकोनी माथ्यांचा निवासी वाडा. दोन्ही इतक्या एकजीव झाल्या आहेत, की लांबून पाहणाऱ्याला एकच पडीक राजवाडा वाटावा. वाड्याला १९३९ मध्ये एकदा आणि १९७७ मध्ये पुन्हा अशी दोनदा आग लागली. बुरुजाशेजारच्या प्रवेशद्वारापाशी मात्र आवर्जून थांबावे. तेथील लाकडी दरवाजा शतकानुशतके आपल्या मूळ जागी उभा आहे. त्याची दोन्ही दारे एका काळातली नाहीत, एक मध्ययुगातले आणि दुसरे सतराव्या शतकातले. जवळ जाऊन पाहिल्यास फळ्यांच्या जोडणीतला आणि खिळ्यांच्या ओळींतला फरक डोळ्यांना जाणवतो.

किल्ला एका बाईने एका रात्रीत बांधला, ही काय कथा आहे?

ही कथा मॉड नावाच्या सरदारपत्नीची आहे. तिचा पती विल्यम द ब्राओझ हा सीमेवरील बलाढ्य सरदारांपैकी एक होता. लोककथेप्रमाणे मॉड धिप्पाड होती, आणि तिने ओच्यातून दगड वाहून एका रात्रीत किल्ला उभा केला. वाहताना एक खडा तिच्या जोड्यात पडला. तो टोचू लागला, तेव्हा तिने तो वैतागून नदीपलीकडे भिरकावला आणि तो तीन मैलांवरच्या लोज गावाच्या स्मशानभूमीत जाऊन पडला. तो ‘खडा’ म्हणजे क्रूस कोरलेली पुरुषभर उंचीहून मोठी शिळा आहे, आणि ती आता लोजच्या चर्चमध्ये आत ठेवलेली आहे.

इतिहासातली मॉड या कथेहून अधिक करुण आहे. जॉन राजाची विल्यमवर खप्पा मर्जी झाली, तेव्हा राजाने तिचा मुलगा ओलीस मागितला. राजाने स्वतःच्या आर्थर नावाच्या पुतण्याचा घात केल्याचा संशय तेव्हा सर्वत्र बोलला जात होता. अशा माणसाच्या हाती आपले मूल देणार नाही, असे मॉडने तोंडावर सांगितल्याचे त्या काळचे बखरकार लिहितात. पुढे ती आणि तिचा थोरला मुलगा पकडले गेले आणि १२१० मध्ये राजाच्या कैदेत दोघेही उपासमारीने मेले. त्यानंतर १२१६ मध्ये जॉनने आणि १२३१ मध्ये वेल्श राजपुत्र थोरला लिवेलिन याने हे नगर जाळले. सीमेवर राहायचे म्हणजे दोन्हीकडून भाजून निघायचे, असा तो काळ होता.

मग पुस्तके कोठून आली?

याचे उत्तर बाजार ओसरण्यात आहे. १८१६ मध्ये ब्रेकनच्या कालव्यापासून हे-ऑन-वायपर्यंत घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी लोखंडी रूळ टाकले गेले आणि दक्षिणेचा कोळसा स्वस्तात येऊ लागला. १८६४ मध्ये वाफेची रेल्वे आली. शंभर वर्षे तिने गावाला जगाशी जोडून ठेवले, आणि १९६२ च्या शेवटच्या दिवशी प्रवासी गाड्या बंद झाल्या. लोणी आणि चीज आता कारखान्यांत तयार होत होते, शेतीला माणसे कमी लागू लागली होती आणि तरुण शहरांकडे निघाले होते. ज्या इमारतींत पूर्वी धान्य, कापड आणि शेतीची अवजारे विकली जात, त्या कवडीमोलाने मिळू लागल्या.

नेमक्या याच सुमारास रिचर्ड बूथ यांनी गावच्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. ऑक्सफर्डला शिकलेल्या, १९३८ मध्ये जन्मलेल्या या तरुणाचे घराणे याच परिसरातले होते. त्यांचा हिशेब साधा होता. जुने पुस्तक हा नाशवंत माल नाही, त्याला जागा भरपूर लागते आणि त्याचा शौकीन ते शोधत कोठेही येतो; मग जेथे जागा सर्वांत स्वस्त, तेथे ते साठवावे. त्यांनी बंद पडलेल्या ग्रंथालयांचे आणि जुन्या हवेल्यांचे संग्रह घाऊक भावात घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतून तर कंटेनर भरून पुस्तके आणली. १९६५ मध्ये गावातल्या चित्रपटगृहाचे पुस्तकांच्या दुकानात रूपांतर झाले. ‘हे सिनेमा बुकशॉप’ या नावाने ते आजही तेथेच आहे. बूथ यांच्याकडे उमेदवारी केलेल्या काहींनी पुढे शेजारीच स्वतःची दुकाने काढली, आणि बघता बघता गावाला नवा माल मिळाला. वस्तू बदलली, पण धंद्याची रीत तीच राहिली: परिसरातून आणि दूरवरून माल यावा, तो एका जागी मांडला जावा आणि गिऱ्हाइकाने पायी हिंडून तो निवडावा.

या गावाला स्वतःचा राजा होता, हे खरे आहे का?

१ एप्रिल १९७७ रोजी रिचर्ड बूथ यांनी हे-ऑन-वाय हे स्वतंत्र राज्य असल्याचे घोषित केले आणि स्वतःला राजा म्हणवून घेतले. त्यांच्या घोड्याला पंतप्रधानपद मिळाले. राज्याचे पासपोर्ट निघाले, सरदारक्या विकल्या गेल्या. तारीख पाहता थट्टा उघडच होती. पण वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ती उचलून धरली आणि गावाला फुकटात मिळालेली प्रसिद्धी कोणत्याही पर्यटन खात्याला परवडली नसती.

थट्टेमागे राग होता, हेही लक्षात ठेवावे. ग्रामीण भागाचा विकास म्हणजे बाहेरचे कारखाने आणि मोठी दुकाने आणणे, या सरकारी मंडळांच्या कल्पनेवर बूथ आयुष्यभर तुटून पडत राहिले. व्यवहारात ते फारसे काटेकोर नव्हते आणि आर्थिक अडचणींतही सापडले. २००४ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ‘एमबीई’ किताब मिळाला आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. लायन स्ट्रीटवरील त्यांच्या नावाचे मोठे दुकान आता दुसऱ्या मालकीचे आहे, मात्र नाव तेच ठेवलेले आहे.

आज तेथे किती दुकाने आहेत आणि पुस्तके स्वस्त मिळतात का?

भरभराटीच्या काळात दुकानांची संख्या चाळिसाच्या आसपास गेली होती. आता ती विसाच्या आसपास आहे. इंटरनेटवरील खरेदीचा फटका बसला, हे उघड आहे. जी टिकली, त्यांतील बरीचशी एखाद्या विषयाला वाहिलेली आहेत. केवळ कवितेचे एक दुकान आहे, आणि नकाशे, जुनी चित्रे किंवा दुर्मीळ आवृत्त्या यांत मुरलेले विक्रेतेही आहेत.

भावाबद्दल मात्र गैरसमज नसावा. हा रद्दीचा बाजार नव्हे. विक्रेत्यांना आपल्या मालाची पुरती पारख असते, आणि पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली किंमत विचारपूर्वक लिहिलेली असते. घासाघीस करण्याची तेथे पद्धत नाही. फार तर पाच-सहा पुस्तके एकत्र घेताना काही सूट मिळेल का, असे नम्रपणे विचारावे. अगदी स्वस्तात हवे असेल, तर किल्ल्याच्या भिंतीलगत उघड्यावर मांडलेल्या फळ्यांकडे जावे. तेथे विक्रेता नसतो. पुस्तक उचलायचे आणि ठरावीक रक्कम पेटीत टाकायची. पावसाच्या तुषारांनी फुगलेल्या कादंबऱ्या, कडा वाळून वाकलेली पुठ्ठ्याची बांधणी, मधूनच एखादे चांगल्या अवस्थेतले चरित्र, असा तो सगळा मामला आहे. निष्पन्न काही झाले नाही, तरी अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

भारतासंबंधी पुस्तके शोधणाऱ्यांनी ‘प्रवास’, ‘लष्करी इतिहास’ आणि ‘आशिया’ अशा तिन्ही विभागांत पाहावे. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि शिकारकथा यांचा त्यांत भरणा असतो. मराठी पुस्तक सापडेल, या आशेने मात्र जाऊ नये.

भिलार आणि हे-ऑन-वाय यांत साम्य किती?

प्रेरणा तेथून घेतली, हे खरे. ४ मे २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने भिलार येथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केले. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेल्या, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध अशा या गावात पंचवीस ठिकाणी, म्हणजे घरांत, मंदिरांत आणि शाळेत, सुमारे पंधरा हजार पुस्तकांनी सुरुवात झाली आणि विषयवार दालने मांडली गेली.

परंतु दोन्हींचा पाया वेगळा आहे. भिलारमध्ये पुस्तक विकले जात नाही. ते वाचकाने तेथेच बसून विनामूल्य वाचावे, अशी योजना आहे, आणि खर्च शासन उचलते. हे-ऑन-वायमध्ये शासनाचा काडीचाही सहभाग नव्हता. तेथे पुस्तक हा व्यापाराचा माल आहे आणि विक्री थांबली, की दुकान बंद पडते. म्हणून एक पाहून दुसऱ्याचे मूल्यमापन करणे आम्हाला योग्य वाटत नाही. भिलारची तुलना करायचीच झाली, तर ती एखाद्या पसरलेल्या ग्रंथालयाशी करावी. पुण्यातील अप्पा बळवंत चौकाचा वाचक हे-ऑन-वायमध्ये अधिक लवकर रुळेल.

ही कल्पना उचलणारे आपण काही पहिले नव्हेत. बेल्जियममधील रेदू येथे १९८४ मध्येच तिचे अनुकरण झाले, आणि स्कॉटलंडमधील विगटाउनला १९९८ मध्ये त्या देशाचे ‘राष्ट्रीय पुस्तक-नगर’ हा मान मिळाला. याशिवाय २००७ पासून हे-ऑन-वायचे भगिनी-नगर म्हणून मालीमधील टिंबक्टूचे नाव जोडले गेले आहे. शेकडो वर्षांची हस्तलिखिते जपणाऱ्या त्या वाळवंटी नगराची निवड समर्पकच म्हणावी लागेल.

‘हे फेस्टिव्हल’ कधी असतो आणि त्याच वेळी जावे का?

हा साहित्य महोत्सव १९८८ मध्ये फ्लॉरेन्स कुटुंबाने सुरू केला. तो दर वर्षी मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनच्या आरंभापर्यंत चालतो. २००१ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन येऊन गेल्यावर त्याची कीर्ती फारच वाढली. महोत्सवाचे तंबू गावाबाहेरील मैदानात असतात. आवारात प्रवेश विनामूल्य असतो, पण प्रत्येक व्याख्यानाचे तिकीट वेगळे काढावे लागते. कोलंबिया, स्पेन, पेरू आणि मेक्सिको येथेही त्याच्या आवृत्त्या भरतात, आणि २०१० मध्ये केरळातील तिरुवनंतपुरम येथेही ती भरली होती.

लेखक ऐकायचे असतील, तर अवश्य जावे. गाव पाहायचे असेल, तर त्या दिवसांत जाऊ नये. मुक्कामाच्या खोल्या वर्षभर आधी भरतात, भाडी वाढतात आणि दोन हजार वस्तीच्या गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. हिवाळ्यातही महोत्सवाचे एक लहान अधिवेशन होते. मधला मार्ग म्हणून ते बरे.

येथील वकिलाच्या विषप्रयोगाचे प्रकरण काय होते?

गुन्हेविषयक लेखनाच्या वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो. हर्बर्ट राउज आर्मस्ट्राँग हा हे-ऑन-वायमधील प्रतिष्ठित सॉलिसिटर होता आणि ओढ्यापलीकडे क्यूसपला राहत असे. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्याची पत्नी कॅथरीन दीर्घ आजारानंतर वारली, आणि कोणालाही संशय आला नाही. त्याच वर्षी गावातील दुसरा सॉलिसिटर ऑस्वल्ड मार्टिन याच्याशी जमिनीच्या एका व्यवहारावरून त्याचा वाद पेटला. ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँगने मार्टिनला चहाला बोलावले आणि लोणी लावलेला एक स्कोन (चहाबरोबरचा छोटा पाव) स्वतःच्या हाताने उचलून, हात लावल्याबद्दल क्षमा मागत, त्याच्या ताटलीत ठेवला. त्या रात्री मार्टिन भयंकर आजारी पडला.

मार्टिनचा सासरा गावातला औषधविक्रेता होता. आर्मस्ट्राँगने तण मारण्यासाठी म्हणून त्याच्याकडून सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, विकत घेतला होता, हे त्याला आठवले. त्याआधी मार्टिनच्या घरी निनावी चॉकलेटांचा डबा आला होता आणि त्यातील चॉकलेट खाऊन एक पाहुणी आजारी पडली होती, त्याचीही संगती लागली. तपास गुप्तपणे चालला असताना आर्मस्ट्राँग मात्र मार्टिनला पुन्हा पुन्हा चहाचे आमंत्रण देत राहिला, आणि संशय येऊ नये म्हणून मार्टिनला रोज नवी सबब शोधावी लागे. अखेर वर्षाच्या शेवटच्या दिवशी आर्मस्ट्राँगला अटक झाली. कॅथरीनचे प्रेत उकरून काढले, तेव्हा त्यात सोमलाचे प्रमाण फार मोठे आढळले. हेरिफर्डच्या न्यायालयात तो दोषी ठरला आणि ३१ मे १९२२ रोजी ग्लॉस्टरच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. ब्रिटनमध्ये खुनाबद्दल फासावर गेलेला तो एकमेव सॉलिसिटर होय.

वेल्स आणि इंग्लंडची हद्द ओलांडताना काही तपासणी होते का?

अजिबात नाही. एकच व्हिसा आणि एकच पौंड दोन्हीकडे चालतो. तरीही फरक जाणवतात. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील बहुतांश रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. इंग्लंडमध्ये ती साधारणपणे ३० मैल असते. गाडी चालवणाऱ्यांनी पाट्यांवर लक्ष ठेवावे. वेल्समध्ये २००७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे मोफत आहेत, ओढ्यापलीकडे त्यांना शुल्क पडते. बोलण्यात तुम्हाला प्रामुख्याने इंग्रजीच ऐकू येईल, कारण सीमेवरच्या या पट्ट्यात वेल्श बोलणारे कमी आहेत.

डोंगरात भटकंती करायची असल्यास काय पाहावे?

गावाच्या दक्षिणेला ब्लॅक माउंटन्सची रांग भिंतीसारखी उभी आहे. ‘हे ब्लफ’ हा तिचा ६७७ मीटर उंचीचा कडा, आणि शेजारी ६९० मीटरचा टुम्पा. उंचीचे आकडे सह्याद्री चढलेल्यांना किरकोळ वाटतील. परंतु वर झाड नाही, आडोसा नाही, आणि वारा असा की बोललेले ऐकू येत नाही. ढग उतरले, तर वाट हरवते. दोन्हींच्या मधून जाणारी ‘गॉस्पेल पास’ ही खिंड ५४९ मीटरवर असून वेल्समधील सर्वांत उंच डांबरी रस्ता तोच मानला जातो. तो एकपदरी आहे. समोरून गाडी आल्यास कोणाला तरी मागे जावेच लागते. खिंडीपलीकडच्या दरीत लँथनीच्या बाराव्या शतकातील मठाचे भग्न कमानींचे अवशेष आहेत. गाडी असल्यास ते चुकवू नयेत.

लांब पल्ल्याची पायवाट हवी असेल, तर आठव्या शतकातील ऑफा राजाच्या मातीच्या बांधाचे नाव लाभलेली २८५ किलोमीटरची वाट या गावातूनच जाते.

क्लायरोला कशासाठी जातात?

फ्रान्सिस किल्व्हर्ट या तरुण धर्मोपदेशकासाठी. १८६५ ते १८७२ या काळात तो नदीपलीकडच्या क्लायरो गावी सेवेत होता, आणि त्याने लिहिलेली रोजनिशी व्हिक्टोरियन काळातील ग्रामीण जीवनाचा उत्तम दस्तऐवज मानली जाते. हे-ऑन-वायहून क्लायरो दीड मैलावर आहे.

वाय नदीत पोहता येते का?

गावाजवळच्या ‘वॉरन’ नावाच्या गवताळ काठावरून लोक उन्हाळ्यात पाण्यात उतरतात, आणि भाड्याच्या होड्यांतून वल्हवण्याची सोयही असते. मात्र नदीची प्रकृती चांगली नाही. तिच्या खोऱ्यात दोन कोटींहून अधिक कोंबड्या पाळल्या जातात, त्यांच्या विष्ठेतील फॉस्फेट शेतातून वाहून पाण्यात उतरते, आणि उन्हाळ्यात शेवाळ माजून पाणी हिरवे पडते. त्यामुळे पाण्यातल्या वनस्पती आणि सामन मासे घटले. २०२३ मध्ये इंग्लंडच्या निसर्गसंवर्धन यंत्रणेने नदीचा दर्जा ‘प्रतिकूल आणि घसरता’ असा खाली आणला. पाणी हिरवे दिसत असल्यास उतरू नये, आणि मुलांना तर नकोच.

लंडनहून तेथे कसे जावे?

रेल्वे स्थानक गावात नाही. लंडनच्या पॅडिंग्टनहून हेरिफर्डपर्यंत सुमारे तीन तास लागतात; तेथून ब्रेकनकडे जाणारी टी-१४ क्रमांकाची बस साधारण तासाभरात हे-ऑन-वायला पोहोचवते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची बस आधी पाहावी आणि मगच दुकानांत शिरावे.

शाकाहारी जेवण मिळते का?

अडचण येत नाही. बहुतेक उपाहारगृहांत सूप, पाव, चीज आणि भाज्यांचे पदार्थ असतात. मनुका व मसाला घातलेला ‘बारा ब्रिथ’ हा स्थानिक पाव आणि तव्यावर भाजलेले ‘वेल्श केक’ चहाबरोबर घ्यावेत. अंड्याचे पथ्य असल्यास विचारून घ्यावे. मेंढीच्या दुधाचे आइस्क्रीम येथे प्रसिद्ध आहे आणि ते खरोखरच चांगले लागते.

किती दिवस ठेवावेत?

केवळ दुकानांसाठी एक दिवस अपुरा पडतो. बुधवारी संध्याकाळी पोहोचावे, गुरुवार बाजार, किल्ला आणि पुस्तकांना द्यावा, आणि शुक्रवारी हवामान पाहून डोंगर किंवा लँथनी करावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस लहान असतात आणि काही दुकाने आठवड्यातील ठरावीक दिवशीच उघडतात.

घेतलेली पुस्तके भारतात कशी आणावीत?

ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर मूल्यवर्धित कर शून्य आहे, त्यामुळे पेन्सिलने लिहिलेली किंमत तीच अंतिम. विमानातील सामानाची वजनमर्यादा ही खरी अडचण. जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची दहा-बारा पुस्तके सहज दहा किलोंपर्यंत जातात. बरेच विक्रेते परदेशी पार्सल पाठवून देतात, परंतु टपालखर्च कित्येकदा पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो, म्हणून दुर्मीळ प्रतीपुरताच हा मार्ग धरावा. बाकीची हातातल्या पिशवीत आणि बॅगेत विभागून आणावीत, जड खंड बॅगेच्या तळाशी चाकांकडच्या बाजूला ठेवावेत, आणि जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांना प्लास्टिकऐवजी सुती कापडात किंवा कागदात गुंडाळावे, कारण मुंबईच्या दमट हवेत उतरल्यावर प्लास्टिकमध्ये अडकलेल्या ओलाव्याने त्यांना बुरशी धरते.